अभियांत्रिकी भूशास्त्र आणि भूजलशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण: विभाग निवडण्यापासून लघुप्रबंधापर्यंत

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला आहे. या खडकात धरणाचा पाया तपासणारा आणि विहिरीची जागा शोधणारा, दोघेही एकाच प्रश्नामागे असतात: खडकात भेगा कुठे आहेत, त्या किती उघड्या आहेत आणि त्यांतून पाणी कोणत्या वाटेने जाते? पहिल्याला त्या भेगा नको असतात आणि दुसऱ्याला हव्या असतात, पण नकाशावर मांडायच्या त्याच असतात. अभ्यासक्रमात अभियांत्रिकी भूशास्त्र आणि भूजलशास्त्र बहुधा वेगवेगळ्या सत्रांत, वेगवेगळ्या शिक्षकांकडून शिकवले जातात. तरीही विद्यार्थ्याने ते एकत्रच शिकावेत, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढील सर्व सूचना याच मतावर आधारलेल्या आहेत.

हे दोन विषय किती जवळचे आहेत, हे पाहायचे असेल तर कोकण रेल्वेचा पेडण्याचा बोगदा पाहावा. कोकण रेल्वेचे बहुतेक बोगदे कठीण खडकात खोदले गेले. पेडण्याला मात्र भूजल पातळीखालच्या मऊ, चिकण मातीतून वाट काढावी लागली आणि त्या कामाने अनेक वर्षे व अनेकांचे प्राण घेतले. जुलै २०२४ मध्ये याच बोगद्यात पाणी शिरल्यामुळे गाड्या थांबवाव्या लागल्या. बोगद्याचा प्रश्न आणि भूजलाचा प्रश्न तेथे वेगळे काढताच येत नाहीत.

कोणत्या पदवीवरून यावे

या शिक्षणाकडे दोन प्रकारचे विद्यार्थी येतात. भूशास्त्रात बी.एस्सी. झालेले विद्यार्थी एम.एस्सी. भूशास्त्र किंवा उपयोजित भूशास्त्राला प्रवेश घेतात. स्थापत्य अभियांत्रिकीत बी.ई. किंवा बी.टेक. झालेले विद्यार्थी गेट परीक्षेद्वारे भूतंत्र अभियांत्रिकी, जलविज्ञान किंवा जलसंपदा या शाखांतील एम.टेक.कडे वळतात. आयआयटींमधील एम.एस्सी.साठी जॅम ही परीक्षा द्यावी लागते व तिच्यात भूशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी पीजी आहे, तर राज्यातील विद्यापीठे आपापल्या पद्धतीने प्रवेश देतात. एम.एस्सी. पूर्ण करून गेटच्या ‘भूशास्त्र आणि भूभौतिकी’ या प्रश्नपत्रिकेच्या बळावर एम.टेक.ला जाण्याचाही मार्ग आहे. दोन वर्षे प्रयोगशाळेत आणि क्षेत्रात घालवल्यानंतर ज्याला मापनाची आणि गणिताची गोडी लागली असेल, त्याच्यासाठी तो उत्तम आहे.

दोन्ही गटांच्या उणिवा ठरलेल्या आहेत आणि त्या पहिल्याच सत्रात भरून काढाव्या लागतात. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला खडक ओळखता येतो, पण बल, ताण, घर्षणकोन आणि अवकलन समीकरण म्हटले की तो मागे सरतो. स्थापत्याच्या विद्यार्थ्याला समीकरण सोडवता येते, पण समोरच्या टेकडीत लाव्हाचे किती थर आहेत, हे त्याला सांगता येत नाही. पहिल्याने अकरावी-बारावीचे कलनशास्त्र पुन्हा हाती घ्यावे आणि मृदा यांत्रिकीचे प्राथमिक पाठ्यपुस्तक उदाहरणांसह सोडवावे. दुसऱ्याने आठवड्यातून किमान एक दिवस हातोडी, भिंग आणि होकायंत्र घेऊन एखाद्या घाटरस्त्याच्या कापात उभे राहावे. ही तयारी कोणताही शिक्षक वर्गात करून देत नाही. तेवढा वेळच वेळापत्रकात नसतो.

विभाग कसा पारखावा

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, अमरावतीचे संत गाडगेबाबा विद्यापीठ, नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, गोवा विद्यापीठ आणि मुंबईची आयआयटी येथे भूशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. याशिवाय रूडकी, खरगपूर आणि धनबाद येथील आयआयटींची या विषयातील परंपरा मोठी आहे. रूडकीला जलविज्ञानाचा स्वतंत्र विभागच आहे. नावाच्या वजनावर निर्णय न घेता विभागात प्रत्यक्ष जावे आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलावे. वर्षातून क्षेत्रकार्याचे किती दिवस होतात, हे विचारावे. विभागाकडे चालू स्थितीतील पाणीपातळी मापक, विद्युत रोधकता मापक आणि खडकाची दाबशक्ती तपासण्याचे यंत्र आहे का, की ती काचेच्या कपाटात आहेत, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. मागील तीन-चार वर्षांचे लघुप्रबंध ग्रंथालयात उघडून पाहावेत. त्यांत विद्यार्थ्याने स्वतः मोजलेले आकडे किती आणि सरकारी अहवालांतून उतरवलेले किती, हे पंधरा मिनिटांत कळते. माझ्या मते विभागाची परीक्षा करण्याचा याहून चांगला मार्ग नाही.

विभाग कोणत्या संस्थांच्या जवळ आहे, यालाही महत्त्व आहे. पुण्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्यालय आहे, खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, आणि भूजल व्यवस्थापनात अनेक वर्षे काम करणारी ॲक्वाडॅम ही संस्थाही पुण्यातच आहे. नागपुरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागीय कार्यालय व केंद्रीय भूजल मंडळाचे प्रादेशिक कार्यालय आहे. नाशिकला महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे मेरी, आहे. उन्हाळी प्रशिक्षणासाठी या संस्थांना अर्ज करताना मार्गदर्शकाचे पत्र आणि नेमक्या विषयाचा एक परिच्छेद सोबत द्यावा. ‘प्रशिक्षण मिळावे’ एवढेच लिहिलेल्या अर्जावर अधिकाऱ्याला काहीच ठरवता येत नाही.

विषय मार्चमध्ये ठरवा

शैक्षणिक वर्ष पावसाळ्यात सुरू होते आणि भूजलाचे वर्ष पावसाळ्याने दुभंगलेले असते. पाणीपातळीची नोंद पावसाळ्यापूर्वी, म्हणजे मे महिन्यात, आणि पावसाळ्यानंतर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्यावी लागते. या दोहोंतील फरकावरच पुनर्भरणाचे सारे गणित उभे असते. जो विद्यार्थी दुसऱ्या वर्षाच्या जुलैत विषय निवडतो, त्याच्या हातून मे महिना निसटलेला असतो आणि पुढचा मे येईपर्यंत लघुप्रबंध सादर करण्याची वेळ आलेली असते. म्हणून पहिल्या वर्षाच्या मार्चमध्येच विषय आणि क्षेत्र ठरवावे, एप्रिलमध्ये विहिरींची यादी करावी आणि मेअखेर पहिली फेरी पूर्ण करावी.

क्षेत्र लहान घ्यावे. संपूर्ण तालुक्याचे भूजल हा लघुप्रबंधाचा विषय होऊ शकत नाही. दहा-पंधरा चौरस किलोमीटरचे एका ओढ्याचे पाणलोट पुरेसे आहे. प्रश्न मात्र नेमका हवा. उदाहरणार्थ, लाव्हाच्या दोन थरांमधल्या गेरूच्या, म्हणजे लाल मातकट, थराच्या वरच्या आणि खालच्या विहिरींची पाणीपातळी एकत्र वरखाली होते की स्वतंत्रपणे, हा एका वर्षात उत्तर मिळू शकेल असा प्रश्न आहे. ज्यांना पाण्याच्या रसायनशास्त्राची आवड आहे, त्यांच्यासाठी अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर भागांतील फ्लोराइडचा प्रश्नही आहे, जेथे पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा ओलांडली जाते. ज्यांचा कल उतारांच्या स्थैर्याकडे आहे, त्यांनी ३० जुलै २०१४ रोजी माळीणला आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीला दरड कोसळून जे घडले, ते डोळ्यांसमोर ठेवून सह्याद्रीतील एखाद्या वस्तीवरच्या उताराचा नकाशा करावा. मातीच्या थराची जाडी, खालच्या खडकाचा उतार आणि पाऊस पडताना पाणी कुठून बाहेर येते, एवढे तरी त्यात असावे. हे काम लोकांच्या जीविताशी बांधलेले आहे. त्यात अंदाजाने रंग भरू नयेत.

पायाभूत सामग्री आता घरबसल्या मिळते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश या संकेतस्थळावर भूशास्त्रीय नकाशे आहेत, इंडिया-डब्ल्यूआरआयएसवर निरीक्षण विहिरींच्या नोंदी आहेत, आणि क्यूजीआयएस हे नकाशाचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. पुढे भूजलाचे प्रारूप करायचे असल्यास मॉडफ्लो हाही विनामूल्य कार्यक्रम आहे. तथापि मोजलेल्या पातळ्या आणि उपसा चाचण्या (पंपाने पाणी उपसताना पातळी कशी उतरते, याच्या नोंदी) हाती नसताना मॉडफ्लोकडे वळू नये, कारण ते कोणत्याही आकड्यांवर सुबक नकाशा काढून देते.

उपसा चाचणी: एक विहीर, एक दिवस

विहिरींची नोंद करताना प्रत्येक विहिरीचा व्यास, खोली, कठड्याची उंची, बांधकाम कुठपर्यंत आहे आणि त्याखाली कोणता खडक दिसतो, हे लिहावे. पाणी कठड्यापासून मोजले असेल, तर कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची पातळी काढावी. शेतकरी खोली परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, सांगतात. ती जशी सांगतील तशी वहीत लिहून घ्यावी आणि फीत सोडून स्वतंत्रपणे मोजावी. मुरूम कुठे संपला, मांजऱ्या (वायूच्या पोकळ्यांत खनिजे भरलेला बेसाल्ट) कुठे लागला, काळा पाषाण किती फोडला आणि झरा कोणत्या अंगाला आहे, हे विहीर खोदणाऱ्याला आणि मालकाला नेमके ठाऊक असते. ही माहिती कोणत्याही अहवालात मिळत नाही. विहिरीतून आडवे बोअर मारले आहेत का, हे आवर्जून विचारावे. ते राहून गेले तर पुढचे सारे आकडे फसवे निघतात.

चाचणीसाठी आदल्या रात्रीपासून पंप बंद ठेवण्याची विनंती करावी, म्हणजे सकाळी पाणी स्थिर पातळीवर मिळते. शेतीची थ्री फेज वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. त्यामुळे चाचणीचा दिवस फीडरचे वेळापत्रक पाहून ठरवावा आणि पिकाच्या पाण्याची निकड असताना शेतकऱ्याला अडवू नये. विसर्ग मोजण्यासाठी पाइपच्या तोंडाशी २०० लिटरचा ड्रम ठेवून तो किती सेकंदांत भरतो, ते तीन वेळा पाहावे आणि सरासरी घ्यावी. पंप सुरू होताच पहिली दहा मिनिटे दर मिनिटाला, मग तासाभरापर्यंत दर पाच मिनिटांनी आणि नंतर दर पंधरा मिनिटांनी पातळी लिहावी.

आता आकडेमोड पाहू. ड्रम ४० सेकंदांत भरला, तर विसर्ग सेकंदाला ५ लिटर, म्हणजे तासाला १८ घनमीटर झाला. विहिरीचा व्यास ६ मीटर असेल, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे २८.३ चौरस मीटर येते. बाहेरून थेंबही आला नसता, तर तासाभरात पाणी सुमारे ६४ सेंटिमीटर खाली गेले असते. प्रत्यक्षात ते ५० सेंटिमीटरच खाली गेले, तर विहिरीतील साठ्यातून १४.१ घनमीटर पाणी उपसले गेले आणि उरलेले ३.९ घनमीटर त्या तासात खडकाने दिले. म्हणजे पहिल्या तासात उपसलेल्या पाण्यापैकी जेमतेम पाचवा हिस्सा जलधराचा, म्हणजे पाणी धरणाऱ्या खडकाचा, होता. बाकी सारी विहीरच रिकामी होत होती.

चाचणीच्या नोंदींवरून खडकाची वहनक्षमता, म्हणजे पाणी वाहून नेण्याची क्षमता, काढणारे थाइस यांचे १९३५ चे सूत्र आणि कूपर-जेकब यांची १९४६ ची सोपी पद्धत अशा विहिरीला सरळ लावता येत नाही, याचे कारण या आकड्यांत आहे. विहिरीत साठलेले पाणी नगण्य आहे, हे त्या सूत्रांचे गृहीतक आहे; सहा इंची विंधन विहिरीला ते चालते, सहा मीटरच्या विहिरीला चालत नाही. मोठ्या व्यासाच्या विहिरींसाठी पापाडोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ मध्ये दिलेली पद्धत वापरावी आणि पंप बंद केल्यानंतर पाणी कसे चढते, याच्या नोंदी उपशाच्या नोंदींइतक्याच काळजीने घ्याव्यात. पंप बंद असताना तासाला १० सेंटिमीटर पाणी चढले, तर त्या पातळीला खडक तासाला २.८ घनमीटर पाणी देतो आहे, एवढे तर कोणत्याही आलेखाशिवाय कळते. अनेक लघुप्रबंधांत सॉफ्टवेअरने काढलेली वहनक्षमता दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत दिलेली असते, पण विहिरीचा व्यास कुठेच दिलेला नसतो. परीक्षकाने असा लघुप्रबंध परत पाठवला, तर ते योग्यच आहे.

पुनर्भरण काढताना बेसाल्टसाठी विशिष्ट जलदेयता, म्हणजे खडकाच्या आकारमानापैकी निथळून मिळणाऱ्या पाण्याचा हिस्सा, साधारणपणे २ टक्के धरली जाते आणि १ ते ३ टक्के ही तिची मर्यादा मानली जाते. म्हणजे पातळी ५ मीटर चढली, तरी प्रत्यक्षात १० सेंटिमीटर पाण्याचाच थर साठलेला असतो. ही बाब गावात सांगितली की लोकांना भूजलाचा हिशेब लगेच समजतो.

खडकाचा गाभा वाचायला शिका

अभियांत्रिकी भूशास्त्राचा अर्धा अभ्यास कोअर बॉक्ससमोर, म्हणजे बोअरमधून काढलेला खडकाचा दंडगोल (गाभा) ज्यात ठेवतात त्या पेटीसमोर, होतो. १.५ मीटरच्या एका टप्प्यातून १.३५ मीटर गाभा निघाला, तर प्राप्ती ९० टक्के झाली. त्यातील १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज ९६ सेंटिमीटर आली, तर डीअर यांनी १९६० च्या दशकात मांडलेला आरक्यूडी, म्हणजे अशा लांब तुकड्यांचे टप्प्याच्या लांबीशी प्रमाण, ६४ टक्के येतो आणि खडक मध्यम दर्जाचा ठरतो. गाभा काढताना यंत्राच्या धक्क्याने पडलेले ताजे, स्वच्छ तडे मोजू नयेत. ज्या सांध्यावर गंज, माती किंवा खनिजाचा लेप आहे, तोच नैसर्गिक सांधा. गाभा बाहेर येताच ओला असतानाच त्याचे छायाचित्र काढावे. गेरूसारखा थर वाळला की तडकतो आणि आठवड्याने पाहणाऱ्याला तो मूळचाच भुसभुशीत होता असे वाटते.

दख्खनच्या खडकात आरक्यूडीवर पूर्ण विसंबून चालत नाही. घट्ट काळा बेसाल्ट अतिशय मजबूत असतो, पण त्याला सांधे पुष्कळ असतात, म्हणून त्याचा आरक्यूडी कमी येऊ शकतो. मांजऱ्या ताजा असताना त्याला सांधे फारच थोडे असतात, म्हणून त्याचा आरक्यूडी जास्त येतो, पण तुलनेने तो कमी बळकट असतो. हाच मांजऱ्या ताजा असताना पाणी अडवतो आणि झिजल्यावर, आडव्या चिरा पडल्यावर, पाण्याचा चांगला धारक होतो. त्यामुळे ‘मांजऱ्याला पाणी असते का’ या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर नाही. तो किती झिजला आहे, हे आधी पाहावे लागते. तोंडी परीक्षेत हा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि विहिरीत उतरून खडक पाहिलेल्या विद्यार्थ्याचे उत्तर वेगळे उमटते.

आरक्यूडीनंतर बिनियाव्स्की यांची आरएमआर आणि बार्टन यांची क्यू ही खडकाचा दर्जा ठरवणारी वर्गीकरणे शिकावीत. दोन्ही १९७० च्या दशकातील आहेत आणि दोन्हींत पाण्याला स्वतंत्र गुण आहेत. ल्यूजॉन चाचणीही प्रत्यक्ष पाहावी. बोअरच्या एका टप्प्यात दाबाखाली पाणी सोडून, १० बार दाबाला मीटरमागे मिनिटाला किती लिटर पाणी खडक पितो, हे तिच्यात मोजतात. धरणाच्या पायात सिमेंटची पिचकारी किती मारायची, हे पुष्कळ अंशी या आकड्यावर ठरते. ज्याने उपसा चाचणी समजून केली आहे, त्याला ल्यूजॉन चाचणी तासाभरात कळते, कारण एकीत खडकातून पाणी घ्यायचे असते आणि दुसरीत त्याला द्यायचे असते. दोन विषय एकत्र शिकण्याचा लाभ असा प्रत्यक्ष हाती येतो.

पुढील परीक्षा आणि संधी

केंद्रीय सेवेसाठी संघ लोकसेवा आयोगाची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा आहे. तिच्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक आणि केंद्रीय भूजल मंडळात भूजलशास्त्राचे ‘वैज्ञानिक ब’ नेमले जातात. पूर्वपरीक्षा वस्तुनिष्ठ आणि मुख्य परीक्षा वर्णनात्मक असते. भूजलशास्त्राच्या उमेदवाराला भूशास्त्राच्या दोन प्रश्नपत्रिकांसह भूजलशास्त्राची तिसरी द्यावी लागते. राज्याच्या भूजल यंत्रणेतील भूवैज्ञानिकांच्या पदांसाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. त्या दरवर्षी निघतीलच असे नाही, म्हणून केवळ त्यांच्या भरवशावर थांबू नये. धरणे, मेट्रो, महामार्ग आणि बोगद्यांची कामे करणाऱ्या सल्लागार कंपन्यांत गाभ्याची नोंद आणि बोगद्याच्या तोंडाचा नकाशा करणाऱ्यांना काम मिळते.

परदेशी शिक्षणाचा विचार करणाऱ्यांसाठी ब्रिटनमध्ये लीड्स आणि बर्मिंगहॅम, कॅनडात वॉटर्लू, अमेरिकेत कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्स आणि जर्मनीत फ्रायबर्ग ही या विषयांसाठी ओळखली जाणारी ठिकाणे आहेत. जर्मनीसाठी डाड, ब्रिटनसाठी राष्ट्रकुल आणि चिव्हनिंग, तसेच अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, यांच्या अटी व मुदती वर्षभर आधी वाचून ठेवाव्यात. उद्देशपत्रात ‘मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे’ असे लिहू नये. आपण मोजलेल्या एखाद्या विहिरीचा वा उताराचा प्रश्न आणि त्याचे अपुरे राहिलेले उत्तर लिहावे. निवड समितीला उमेदवार काय शिकू इच्छितो, हे त्यावरूनच कळते.

लघुप्रबंध सादर करताना सर्व मूळ नोंदी, म्हणजे प्रत्येक विहिरीचे अक्षांश-रेखांश, मोजणीची तारीख, कठड्याची उंची आणि उपसा चाचणीचा मिनिटागणिक तक्ता, परिशिष्टात द्याव्यात आणि त्यांची एक प्रत ग्रामपंचायतीत मराठीतून ठेवावी. पुढच्या वर्षी त्याच पाणलोटात येणारा विद्यार्थी तेथूनच पुढे मोजू लागेल.